बंद पडलेलं ध्यान आणि स्ट्रेचिंग पुन्हा कसं धरलंत? (सातारा-सांगलीकर, इकडे या)

गोडोलीकर | ९ जून, रात्री १०:४०

मंडळी, व्यायामाचे धागे इथे ढिगाने आहेत, पण सगळे 'सुरुवात कशी करावी' यावर. माझी अडचण वेगळी आहे. सुरुवात मी केली होती, चांगली पाच वर्षं चालवलीही. मग बंद पडलं. आता पुन्हा बसायला गेले तर पहिल्या वेळेपेक्षा जड जातंय.

थोडं माझ्याबद्दल. वय ४४, मुक्काम सातारा, गोडोली. काम लोकांचे टॅक्स भरायचं, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्ची. पूर्वी पाचला उठून चाळीस मिनिटं ध्यान, वीस मिनिटं स्ट्रेचिंग असा क्रम होता. आठवड्यातून तीनदा अजिंक्यतारा चढून यायचे, डांबरी रस्त्याने. मग मैत्रिणींच्या नादाने पळायला लागले. हिल मॅरेथॉनचा किडा साताऱ्यात कुणाला चावत नाही? यवतेश्वरचा घाट पळत चढायचा म्हणजे सराव आला, सराव म्हणजे वेळ आला. वेळ कमी पडला की काय कापायचं? पळणं कापवत नाही. ते घड्याळात दिसतं, ग्रुपवर टाकता येतं, खाली दहा अंगठे येतात. ध्यान कुणालाच दिसत नाही. तर चाळीसचं वीस झालं, वीसचं दहा, मग 'रविवारी बसू'. आणि स्ट्रेचिंग म्हणजे पळून आल्यावर दूध तापेपर्यंत ओट्याला धरून दोनदा वाकणं.

गेल्या नोव्हेंबरात घाट उतरताना उजव्या मांडीच्या मागे अशी चमक भरली की खाली बसले. सहा आठवडे पळणं बंद. म्हणजे ज्याच्यासाठी बाकीचं सोडलं होतं, तेही गेलं.

आता पाय बरा आहे. गेल्या महिन्यात चारदा ठरवून चटई अंथरली. तिसऱ्या मिनिटाला एका क्लायंटची जीएसटीची नोटीस आठवली, नवव्या मिनिटाला उठले आणि दिवसभर स्वतःवर चिडून होते. पूर्वी वाकलं की तळहात जमिनीला टेकायचे. आता बोटं अंगठ्यापासून वीतभर लांब राहतात.

कुणी सोडून पुन्हा धरलंय का? नेमकं काय केलंत? 'रोज पाचला उठा' हा सल्ला कृपया नको. तो मीच लोकांना देत फिरायचे.

---

पेढेवाला_नाही | ९ जून, रात्री १०:५८

हे वाचून मान डोलावली, ती कट्‌कन वाजली. आजचं माझं स्ट्रेचिंग झालं. जागा धरून ठेवतो.

---

खडूस_काका | १० जून, सकाळी ६:२०

घाट चढता, गड चढता, मग हे डोळे मिटून बसणं फिटनेसमध्ये कुठे बसतं? चरबी त्याने जात नाही, दम त्याने वाढत नाही. मी ६१ वर्षांचा आहे. रोज शाहू स्टेडियमला पाच फेऱ्या मारतो आणि पेपर वाचतो. पेपर वाचणं हेच माझं ध्यान. स्ट्रेचिंग मांजरं करतात.

---

पेढेवाला_नाही | १० जून, सकाळी ६:३१

काका, म्हणूनच मांजराची कंबर कधी धरलेली ऐकली नाही.

---

मिरजेची_फिजिओ | १० जून, दुपारी २:१५

ताई, आधी पायाचं बोलते, कारण रोज हेच बघते. मांडीमागचा स्नायू एकदा दुखावला की लोक दोन टोकं गाठतात. एक तर हात लावत नाहीत, नाहीतर पहिल्याच दिवशी वाकून अंगठा धरायला जातात. दुसरं जास्त वाईट. दुखापत ताजी असेल तर जोरात ताणायचं नाहीच. बरी झाल्यावरही उभं राहून वाकण्यापेक्षा उताणं पडा, जुनी ओढणी किंवा पंचा तळव्याला अडकवा आणि पाय सरळ वर घ्या. कंबर जमिनीला टेकलेली राहते, त्यामुळे ताण मांडीलाच मिळतो. मांडीमागे ओढल्यासारखं वाटलं तर बरोबर आहे. मुंग्या आल्या, करंट गेल्यासारखं झालं किंवा कळ पोटरीखाली उतरली तर ती नस आहे. तिथे थांबायचं. पाय बधिर किंवा कमजोर वाटत असेल तर धागे वाचत न बसता डॉक्टरांना दाखवायचं.

पळण्याआधी थंड स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरायची गरज नाही. त्याने तेवढ्यापुरती ताकद थोडी कमीच होते. आधी चालणं, गुडघे वर घेणं, पाय पुढे-मागे झुलवणं असं हलतं-फिरतं करा. धरून ठेवायचं ते पळून आल्यावर किंवा अंघोळीनंतर, अंग गरम असताना. एका जागी तीस सेकंद, दोनदा. साठी ओलांडलेल्यांनी थोडं जास्त धरलं तरी चालतं. उसळ्या मारायच्या नाहीत.

पोटरीसाठी पायरी आहेच. पुढचा पंजा पायरीवर, टाच हळूहळू खाली. खुर्चीवर बसणाऱ्यांचा सगळ्यात विसरलेला भाग म्हणजे खुब्याचा पुढचा. एक गुडघा जमिनीला, दुसरा पाय पुढे, आणि कंबर न वाकवता पुढे सरका. नऊ तास खुर्ची असेल तर मी यापासूनच सुरुवात करायला सांगते.

काका, पायरीवर एकदा टाच खाली सोडून बघाच.

---

विट्याची_सून | १० जून, दुपारी ३:४०

फिजिओताई, स्क्रीनशॉट काढून ठेवला.

माझं दुखणं वेगळं आहे. लग्नाआधी कॉलेजात योगासनात जिल्ह्याला नंबर आला होता. आता घरात नऊ माणसं. सकाळी साडेसहाला दोन डबे, सात वाजता तिसरा. चटई अंथरली की धाकटा त्यावर गाडी चालवतो. डोळे मिटून बसले की 'बरं नाही का गं?' असं तीन जण विचारून जातात. मोकळा कोपराच नाही. गच्चीत गेले तर शेजारच्या काकू गप्पा मारायला येतात.

---

अखंड_दहा_दिवस | १० जून, रात्री ९:०५

मी २०१७ ला इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं, त्यानंतर दोनदा. तिथून निघताना सांगतात, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. हे कमी करून चालत नाही. पतंजलींनीही योगसूत्रात लिहून ठेवलंय, 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः'. नैरंतर्य नसेल तर पाया पक्का होत नाही. पाच मिनिटं बसणं म्हणजे विहीर खणायची म्हणून रोज नव्या जागी एक फावडं मारणं. गोडोलीकर ताई, तुमचं तुटलं ते तडजोडीमुळे. पुन्हा शिबिराला जा, आपोआप रुळावर याल.

---

गोडोलीकर | १० जून, रात्री ९:३०

दहा दिवस सुट्टी? जून-जुलैत? माझे क्लायंट मला तिथून उचलून आणतील.

पण दादा, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे आणि तेच मला टोचतंय. मी स्वतःशी हेच बोलते. 'एवढंच बसायचं तर कशाला बसायचं.' आणि मग बसतच नाही.

---

कृष्णाकाठ | ११ जून, सकाळी ७:५०

मी सांगलीचा. ६८ पूर्ण, शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त. सहसा वाचून जातो, पण इथे लिहावंसं वाटलं.

माझं बसणं बावीस वर्षं चुकलं नव्हतं. सकाळी आमराईत फेरी, घरी येऊन बारा सूर्यनमस्कार, मग अर्धा तास पद्मासन. लोकांना अभिमानाने सांगायचो, ही चूक आहेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात. खालचा मजला पूर्ण पाण्यात. आम्हाला बोटीतून काढलं, अकरा दिवस विश्रामबागेत मेहुण्यांकडे. परत आलो तेव्हा घरात वीतभर गाळ आणि त्याला एक वास, जो सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. पुस्तकांची दोन कपाटं फुगून दारं उघडेनात. महिनाभर फक्त धुणं आणि वाळवणं.

मग एके दिवशी बसायला गेलो. बसताच येईना. गुडघा पूर्वीसारखा वळेना हे एक. डोळे मिटले की पाणी दिसायचं हे दुसरं. आणि तिसरं, ज्याने सगळ्यात जास्त छळलं. बावीस वर्षं न चुकलेला मी समोर बसलाय आणि या नव्या माझ्याकडे बघून हसतोय. सहा महिने मी बसलो नाही. बायकोला सांगायचो, गुडघा दुखतो.

पुढे गच्चीत पुस्तकं वाळत घातलेली असायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचो. कावळे येतात, वारा पानं उलटतो. एकदा लक्षात आलं, मी दहा मिनिटं नुसता श्वास बघत बसलोय. पद्मासन नाही, आसन नाही, घड्याळ नाही. तेव्हापासून खुर्चीत बसतो. आज पाच वर्षं होऊन गेली. पद्मासन परत आलेलं नाही आणि मी त्याची वाट बघत नाही.

आता सूत्राबद्दल, जुनी खोड म्हणून. 'अखंड' यांनी योगसूत्र १.१४ बरोबर दिलं. पण त्यात तीन शब्द आहेत. दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार. सगळे मधला उचलतात. सत्कार म्हणजे आदराने, आस्थेने. चिडून, दात-ओठ खाऊन दोन तास बसणाऱ्याकडे नैरंतर्य आहे, सत्कार नाही. ताई नऊ मिनिटं बसून दिवसभर स्वतःवर चिडल्या, तिथे मला नऊ मिनिटं कमी वाटत नाहीत, सत्कार कमी वाटतो. आणि आसनाबद्दल त्याच ग्रंथात 'स्थिरसुखम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं, एवढीच अट आहे. प्लास्टिकच्या खुर्चीला ती मना करत नाही.

---

मिरजेची_फिजिओ | ११ जून, दुपारी १:२०

सर, तुमचा प्रतिसाद क्लिनिकमध्ये लावून ठेवावासा वाटतोय.

खंड पडण्याबद्दल आमच्या बाजूचा एक आधार देते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर सवयींचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सर्वसाधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे ते '२१ दिवसांत सवय' सोडून द्या. त्यात महत्त्वाचं हे, की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. एक खाडा म्हणजे पहिल्यापासून मोजायला लागायचं, हे आपण मनाने ठरवलेलं असतं.

दुसरं लवचिकतेचं. सुरुवातीच्या आठवड्यांत आपण जास्त वाकायला लागतो, ते स्नायू लांब झाल्यामुळे असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. ताण तोच असतो, तो सहन करायची आपली तयारी वाढते. शरीर 'बास' म्हणायची रेघ पुढे सरकवतं. म्हणून पूर्वी तळहात टेकायचे ते कुठे गेले, असा शोक करू नका. ती रेघ मागे आली तशी पुढेही जाते.

---

गोडोलीकर | ११ जून, रात्री ११:१०

फिजिओताईंचा दुसरा मुद्दा वाचून कधीची विचार करत बसलेय.

ताण आला की 'बास' म्हणणारी जी कोण आत असते, तीच तिसऱ्या मिनिटाला ध्यानातून उठवते की नाही? दोन्हीकडे काम एकच. अस्वस्थ वाटतंय, तरी तिथे थोडं थांबायचं. मग मी यांना दोन वेगळे डबे का केलेत? एकाला चाळीस मिनिटं, दुसऱ्याला वीस, आणि दोन्ही रिकामे.

उद्या एक प्रयोग करते. घड्याळ लावायचं नाही. ताण धरून सहा सावकाश श्वास मोजायचे, माझा एक श्वास साधारण पाच सेकंदांचा आहे, म्हणजे तीस सेकंद होतात. मोजणं चुकलं की परत एकपासून. हेच ध्यान, हेच स्ट्रेचिंग. जमलं तर सांगते.

---

तालमीतला | १२ जून, सकाळी ५:५५

आमच्याकडं कवठे पिरानच्या बाजूला तालमीत ह्याला ध्यान-बिन कुणी म्हणत न्हाई, पण वस्ताद जोर मारताना श्वास मोजाय लावायचे. दम कुटं सोडायचा, कुटं घ्यायचा, त्यात चुकलं की पाठीवर थाप. मी पंधरा वर्सं कुस्ती केली, मग लगीन, शेती, ऊस, सगळं बंद. वजन ८४ चं १०६ झालं. गेल्या दिवाळीला परत तालमीत गेलो आणि पयल्याच दिवशी जुन्या हिशेबानं दोनशे बैठका मारल्या. चार दिवस संडासला बसता येईना, खोटं सांगत न्हाई. ताई, जुना आकडा लई घातक. आता वीस जोर, तीस बैठका, आणि मातीत उताणं पडून पाच मिनिटं. ते उताणं पडणं सगळ्यात भारी.

फिजिओताई, ताणून घेतलं असतं तर ते चार दिवस वाचलं असतं का?

---

मिरजेची_फिजिओ | १२ जून, दुपारी १:०५

नाही दादा. आधी ताणा नाहीतर नंतर, दुसऱ्या दिवशीच्या त्या दुखण्यात पडणारा फरक अगदी नगण्य असतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्येच दिसलंय. वाचवलं असतं ते पहिल्या दिवशी तीसवर थांबण्याने.

---

औंधाचा_पाहुणा | १२ जून, रात्री ८:३०

सूर्यनमस्काराचा विषय निघालाच आहे आणि धागा साताऱ्याचा आहे, तर औंधचं नाव कुणीच घेऊ नये याचं नवल वाटलं. आज जगभर योगाच्या वर्गात सुरुवातीला जे घालतात, ते सूर्यनमस्कार घरोघरी पोचवण्यात आपल्या जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे. स्वतः रोज घालायचे, राणीसाहेब आणि मुलंही. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सुरू केले. १९३८ मध्ये त्यांचं यावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. औंधचं संग्रहालय बघायला जाणारे चित्रं बघून परत येतात, हे कुणी सांगत नाही.

मुद्दा असा की राजाने फक्त 'स्ट्रेचिंग' म्हणून ते केलं नाही. मंत्र, श्वास आणि हालचाल एकत्र होतं. गोडोलीकर ताईंना काल रात्री जे सुचलं, ते नव्वद वर्षांपूर्वी औंधात चालू होतं.

---

खडूस_काका | १३ जून, सकाळी ६:४५

म्हणजे आता राजेही आले. बरं. मग २१ जूनच्या योगदिनाला सगळे पांढरे टी-शर्ट घालून फोटो टाकतीलच. २२ तारखेला किती जण बसलेत ते कुणीतरी मोजा.

(पायरीवर टाच खाली सोडून बघितली. डावी सुटते, उजवी अजिबात सुटत नाही. हे काय आहे?)

---

मिरजेची_फिजिओ | १३ जून, दुपारी १:३०

काका, उजवी टाच सकाळी पहिलं पाऊल टाकताना दुखते का?

---

खडूस_काका | १३ जून, दुपारी १:३४

तुम्हाला कसं कळलं?

---

मिरजेची_फिजिओ | १३ जून, दुपारी १:५०

अंदाज. तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं असावं, तुमच्या वयात आणि रोज फेऱ्या मारणाऱ्यांत खूप दिसतं. पलंगावरून उतरण्याआधी पंजा हाताने नडगीकडे ओढून धरा, दहा मोजा, दहा वेळा. पोटरीचं दिवसातून दोनदा. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका. सहा-आठ आठवडे लागतील, आठ दिवसांत सोडू नका. आणि एकदा कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवून घ्या, मी इथून बघू शकत नाही.

---

विट्याची_सून | १८ जून, दुपारी ३:१०

कोपरा सापडला! देवघर. उदबत्ती लावून तिथे मांडी घालून बसले की घरातलं एकही माणूस हाक मारत नाही. सासूबाईंना वाटतं जप करतेय. मी मनात श्वास मोजते. आठ मिनिटं झाली की उठून कणीक मळते.

काल पकडले गेले पण. सासूबाई म्हणाल्या, 'ओठ हलत नाहीत तुझे.' सगळं सांगितलं. म्हणाल्या, 'मग मलाही शिकव, माझं जपात कुठं लक्ष असतं, मी तर उद्याची भाजी ठरवत असते.' आता दोघी बसतो. भाजी आम्ही आधीच ठरवून घेतो.

---

अखंड_दहा_दिवस | १९ जून, रात्री १०:१५

कृष्णाकाठ सर, 'सत्कार'वर आठवडाभर विचार केला. खरं सांगतो, माझं संध्याकाळचं बसणं गेलं वर्षभर होतच नाहीये. इथे लिहिताना ते लिहिलं नाही. फावड्याचं उदाहरण मागे घेत नाही, पण ते मला स्वतःलाच द्यायला हवं होतं.

---

कृष्णाकाठ | २० जून, सकाळी ७:३०

अहो, फावडं एकाच विहिरीवर पडत असेल तर रोज एक पुरे. आमच्या वाडवडिलांनी तशाच खणल्या.

---

गोडोलीकर | २२ जून, सकाळी ६:५०

काका, आज २२ तारीख. मी बसले. मोजून घ्या.

दहा दिवसांचा हिशेब. सात दिवस झालं, तीन चुकले. दोन कामामुळे, एक नुसत्या आळसाने. रोज चार जागा. ओढणीने मांडीमागची, खुब्याची, पोटरी, आणि खांदे. प्रत्येक बाजूला सहा श्वास, दोनदा. शेवटी उताणं पडायचं, तालमीतल्या दादांना स्मरून. एकूण तेरा-चौदा मिनिटं होतात, घड्याळ न लावता. श्वास मोजताना तीनला सुटतो, चारला सुटतो. सहापर्यंत सलग पोचले ते पहिल्यांदा पाचव्या दिवशी, डाव्या पोटरीवर. कुणाला सांगावं कळेना, म्हणून इथे सांगतेय.

वेळ सकाळची नाही. ऑफिसातून आल्यावर कपडे बदलायच्या आधी. कपडे बदलले की सोफा, सोफा म्हणजे मोबाईल. हे शोधायला मला चार दिवस लागले.

बोटं अजून अंगठ्यापासून चार बोटं लांब आहेत. वीतभरावरून आलेत.

---

पेढेवाला_नाही | २२ जून, सकाळी ७:०२

चार बोटं म्हणजे एक कंदी पेढा आडवा. प्रगती आहे.

---

लोणंद_ते_फलटण | २७ जून, रात्री ९:४०

उशिरा आलो, माफी. माऊलींची पालखी आपल्या जिल्ह्यात आली की मी दरवर्षी लोणंदपासून फलटणपर्यंत चालतो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायचं म्हणून. हा धागा तळावर बसून मोबाईलवर वाचतोय. एक गंमत बघितली. आमच्या दिंडीत सत्तरीच्या एक आजी आहेत. मुक्कामाला पोचल्या की आधी पायाला तेल, मग पाय सरळ करून दोन्ही हातांनी अंगठे धरून बसतात आणि हरिपाठ म्हणतात. हरिपाठ संपेपर्यंत अंगठे सोडत नाहीत. विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाल्या, 'पाय म्हणतात, उद्या नाही येत. त्यांना समजूत घालावी लागते बाबा.'

फिजिओताई, अभंगांच्या हिशेबात तीस सेकंद म्हणजे किती ते तुम्हीच काढा.

---

खडूस_काका | १४ जुलै, सकाळी ६:३०

टाच निम्म्याने कमी आहे. मिरजेच्या फिजिओंचे आभार. पंजा ओढून धरताना दहा मोजायचे असतात, तेव्हा पेपर वाचता येत नाही. त्यामुळे नुसतं बसावं लागतं. याला कुणी ध्यान म्हणू नये.

---

पेढेवाला_नाही | १४ जुलै, सकाळी ६:३३

कुणीही म्हणणार नाही काका. (स्क्रीनशॉट काढला.)

---

मिरजेची_फिजिओ | १४ जुलै, दुपारी १:१५

काका, वाईट वाटून घेऊ नका, पण जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या दवाखान्यात नेमकं हेच सुरू केलं. औषधांनी न थांबणाऱ्या दुखण्याचे रुग्ण घेतले आणि काही आठवडे ध्यान आणि सौम्य आसनं एकत्र शिकवली. दुखणं शून्य होईल असं वचन नव्हतं, दुखण्याबरोबर कसं राहायचं ते शिकवायचे. तुम्ही पाचव्या आठवड्यात आहात.

आणि सगळ्यांसाठी एक. बीपीची गोळी चालू असेल तर ध्यान सुरू केलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. श्वास कोंडून धरायचे प्रकार टाळा. काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली-पाय वर अशी आसनं करू नयेत, डोळ्यातला दाब वाढतो.

---

गोडोलीकर | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

जुलैअखेर अपेक्षेप्रमाणे गेला. सलग सहा दिवस खाडा. रात्री दीड-दोनपर्यंत रिटर्न, जेवण कॉम्प्युटरसमोर. सहाव्या दिवशी तोच जुना आवाज आला, 'बघ, गेलं परत.' फरक एवढाच की या वेळी त्याच्याशी भांडले नाही. तुम्ही सगळे आठवलात. सरांची खुर्ची, देवघरातली भाजी, दिंडीतल्या आजी. ऑफिसच्या कपड्यांतच खाली बसले. ओढणी हाताशी नव्हती, नवऱ्याचा टॉवेल घेतला. फक्त उजवा पाय, सहा श्वास. मग डावा. एवढंच. साडेतीन मिनिटं असतील.

आज रविवार, पावसाने जरा उघडीप दिली म्हणून टेकडीवरच्या चारभिंती स्मारकापर्यंत चालत गेले. खाली सातारा ढगात, मधूनच पोवई नाक्याकडचा एखादा दिवा दिसत होता. कठड्यावर पाय ठेवून पोटरी ताणली. बाजूला एक मुलगी पळून येऊन धापा टाकत उभी होती, घड्याळ बघून फोटो काढत होती. तिला काही सांगायचा मोह झाला. नाही सांगितलं, सहा श्वास मोजले.

पळणं ऑक्टोबरपासून हळूहळू. या वर्षी मॅरेथॉन नाही.

---

तालमीतला | ३ ऑगस्ट, रात्री ९:४५

ताई, वजन १०१. पन्नास बैठका. संडासचा प्रॉब्लेम न्हाई.

---

विट्याची_सून | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२०

एक विचारायचं होतं. सासूबाईंना खाली बसलं की घोट्याला टोचतं. योगा मॅट मागवली ती फरशीवर सरकते आणि पातळही आहे. तुम्ही सगळे कशावर बसता?

---

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

जुनी सतरंजी चौपदरी करून, वर घोंगडीची घडी. आणि कुल्ल्यांखाली चार बोटं उंच उशी द्या, गुडघे खाली जातात आणि घोट्यावर भार येत नाही. तरीही टोचलं तर माझ्याकडे एक प्लास्टिकची खुर्ची जास्तीची आहे.

---

पेढेवाला_नाही | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२५

सर, ती माझ्यासाठी राखून ठेवा. मान अजून कट्‌ वाजतेय.